अभंग चोखोबांचा, अक्षर कोणाचं?

आज पुस्तकांवर बोलू, पण आत काय लिहिलंय यावर नाही. पुस्तक लिहून कोणी घेतलं, छापलं कोणी, कपाटात लावलं कोणी आणि ते कोणाच्या हाती लागलंच नाही, यावर बोलू. हे प्रश्न विचारणाऱ्या दोन विद्याशाखा आहेत: ग्रंथेतिहास आणि ग्रंथालयशास्त्र. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, गाव मंगळवेढा. म्हणून सुरुवात गावापासूनच.

मंगळवेढ्याचं गावकूस कोसळलं आणि त्याखाली राबणारे चोखोबा गेले, ही १३३८ सालची म्हणून सांगितली जाणारी गोष्ट आपल्याला माहीत असते. ज्या माणसाला देवळाच्या पायरीशी थांबवलं, त्याचे अभंग आपल्यापर्यंत पोचले कसे, हे मात्र आपण फारसं विचारत नाही. जनाबाईंच्या नावावर एक अभंग आहे. त्यात चक्क यादी दिलीय, कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले त्याची. ज्ञानोबांसाठी सच्चिदानंदबाबा, चोखोबांसाठी अनंतभट्ट. हा अनंतभट्ट मंगळवेढ्याचा, असं परंपरा सांगते. आणि खुद्द जनीचे अभंग लिहिणारा कोण? पांडुरंग!

गिट वापरणाऱ्यांना हे लगेच कळेल. तिथे 'ऑथर' आणि 'कमिटर' अशी दोन वेगळी नावं नोंदवता येतात. कोड एकाचा, तो साठ्यात घालणारा दुसरा. चोखोबांचे शब्द टिकले ते दुसऱ्याच्या हातून, असं त्या परंपरेला लक्षात ठेवावंसं वाटलं. ज्यांना असा लिहून घेणारा भेटला नाही, त्यांचं काय झालं असेल? ग्रंथेतिहास सुरू होतो तो इथे.

अमेरिकन अभ्यासक ख्रिश्चन नोव्हेत्स्की यांनी २००८ साली नामदेवांवरच्या पुस्तकात कीर्तनकारांच्या बाडांकडे लक्ष वेधलं. बाड म्हणजे हाताने लिहिलेली वही. ती शांत बसून वाचायला नव्हतीच मुळी, कीर्तनाला उभं राहण्याआधीची तयारी होती. म्हणजे एकच अभंग बाडात वेगळं काम करतो, छापील गाथेत वेगळं. मजकूर तोच असला तरी वस्तू बदलली की वापर बदलतो.

आता १९५८ साल बघा. पॅरिसमध्ये ल्युसिएं फेव्र आणि आंरी-झां मार्तँ यांचं छापील पुस्तकाच्या जन्मावरचं पुस्तक आलं. आधुनिक ग्रंथेतिहासाचा पाया म्हणून जगभर त्याचं नाव घेतात. त्याच १९५८ मध्ये मुंबईत अ. का. प्रियोळकरांचा 'द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया' हा ग्रंथ मराठी संशोधन मंडळाने काढला. गोव्यात १५५६ साली आलेला छापखाना, १६१६ साली रोमन लिपीत छापलेलं मराठी 'क्रिस्तपुराण', १८०५ साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली गीता, हे सगळं त्यात आहे. गोव्यात यंत्र आलं, पण शेजारच्या मराठी मुलखात छापील पुस्तक रुळायला अडीचशे वर्षं का लागली? हा प्रश्न आजही ताजा आहे. पुढे १९८२ साली रॉबर्ट डार्नटन यांनी लेखक, प्रकाशक, मुद्रक, वाहतूकदार, विक्रेता, वाचक असं एक वर्तुळ मांडलं आणि विद्याशाखेला नकाशा मिळाला.

ग्रंथालयशास्त्राची वाट वेगळी. मेल्विल ड्यूई यांनी १८८७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांची पहिली शाळा काढली. आपल्याकडे ही विद्या आणली मराठी राजाने. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बडोद्याला बोलावलं आणि १९११ साली तिथे ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. पेट्यांमधून पुस्तकं खेड्यापाड्यांत फिरायला लागली. पुढे मद्रासचे गणिताचे प्राध्यापक शि. रा. रंगनाथन ग्रंथपाल झाले. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला आणि सुटे तुकडे जोडून विषय बांधायची कल्पना त्यांना सुचली. त्यातून १९३३ साली कोलन वर्गीकरण आलं. आपल्या भाषेत सांगायचं तर ड्यूईचे फोल्डर, रंगनाथन यांचे टॅग.

फरक नुसता तांत्रिक नाहीये. ड्यूईच्या पद्धतीत धर्माच्या शंभर आकड्यांपैकी बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माने व्यापलीय, बाकीचे धर्म २९० ते २९९ मध्ये कोंबलेत. म्हणजे कपाट लावतानाच ठरतं कोण मध्ये आणि कोण कडेला. वर्गीकरण म्हणजे मतच असतं, फक्त आकड्यांत लिहिलेलं.

या दोन्ही वाटा मराठीत जिथे भेटतात ते काम म्हणजे शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची'. पहिला खंड १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०. वाचायला रटाळ, पण ती नसती तर मराठी पुस्तकांचा इतिहास लिहायला कच्चा मालच हाती नव्हता. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली आणि महाराष्ट्राने १९६७ साली ग्रंथालय कायदा केला. त्याच कायद्याखालच्या अनुदानावर आपल्या तालुक्यांतली 'अ', 'ब', 'क', 'ड' वर्गाची वाचनालयं चालतात.

आणि चोखोबा? १९४८ साली डॉ. आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. आपण चाळून पुढे जातो ते अर्पणपत्रिकेचं पानसुद्धा इतिहासाचा पुरावा असतो, तो असा.

आज सूची म्हणजे सर्च बार. नोंदीत नाही ते शोधात येत नाही, आणि शोधात नाही ते आपण नव्हतंच असं धरून चालतो. म्हणून एक काम सांगतो. घरात आजोबांचं बाड असेल, पोथी असेल, तर नुसता फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. शेवटचं पान आधी बघा. लिहिणाऱ्याने तिथे अनेकदा आपलं नाव, गाव आणि शक नोंदवलेला असतो. त्याचाही फोटो काढा. फाइलला नाव देताना कोणाचं, कुठलं, कोणाकडून मिळालं हे लिहा आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. मोडीत असेल आणि वाचता येत नसेल तरी चालेल, वाचणारा पुढे भेटेल.

भेटू पुढच्या भागात!