पलटणीच्या ड्रमची पारख

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) पलटणीचा दिवस ड्रमच्या ठोक्यावर चाले. त्या काळचा ड्रम हाती आला की आपण त्यावर रंगविलेल्या गरुडाकडे प्रथम पाहतो आणि तिथेच फसतो. गरुड मागाहूनही रंगविता येतो. म्हणून आपण आधी बांधणी पाहावी : वाकविलेल्या पातळ लाकडाचे अंग, दोरीने ताणलेली कडी, दोरीवर चामड्याचे सरकते कान, खाली आतड्याच्या ताती. मग बाजूच्या हवेच्या छिद्रातून आत डोकवावे. फिलाडेल्फियाच्या अर्नेस्ट व्होग्टसारख्या कारागिराची छापील चिठ्ठी तेथे सापडू शकते. चामडे बदललेले असले तरी फारसे बिघडत नाही, ते फाटणारच. पण जुना रंग घासून लखलखीत केला की पुरावा पुसला जातो आणि मोलही उतरते.

सर्वांत मोठे मोल वाजविणाऱ्याच्या नावाला. १९ मे १८६३ रोजी व्हिक्सबर्गपाशी ५५ व्या इलिनॉय पलटणीतला १४ वर्षांचा ड्रमवाला ऑरियन हाऊ जखमी अवस्थेत काडतुसांची मागणी घेऊन सेनापती शर्मनपर्यंत पोहोचला. अशा पोराशी एखाद्या ड्रमचे नाते कागदपत्रांनी जुळले, तर आपण त्याला इतिहासाचा साक्षीदार म्हणावे. नुसत्या घराण्यातल्या ऐकीव कथेवर ती साक्ष उभी राहत नाही.