मानसिकता नव्हे, अंतर

ग्रामीण मुलींच्या गळतीवर परिसंवाद कुठेही भरो, निष्कर्ष ठरलेला असतो: पालकांची मानसिकता बदलली पाहिजे. मग प्रबोधन, पथनाट्य, प्रभातफेरी. सोपे आणि स्वस्तही, कारण दोष परस्पर गरिबाच्या पदरात पडतो.

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. बालविवाह, हुंडा, धाकट्या भावंडांचा सांभाळ ही कारणे खरीच. पण ती पाचवीतही असतातच. मग आठवीपर्यंत शाळेत गेलेली मुलगी नववीला घरी का बसते? शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची 3 किलोमीटरच्या आत आणली. कायदा चौदाव्या वर्षी हात काढून घेतो. हायस्कूल पुढच्या मोठ्या गावात असते. मुलगी वयात येते नेमकी तेव्हाच. बापाचा जीव धास्तावतो तो पुस्तकाला नव्हे, रस्त्याला.

याची कसोटी बिहारमध्ये लागली. 2006 साली नितीशकुमार सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी 2,000 रुपये देऊ केले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी 2000 पर्यंत बिहारचाच भाग असलेल्या झारखंडशी तुलना करून पाहिले, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलेले आणि मुलगे-मुलींमधली दरी 40 टक्क्यांनी कमी झालेली दिसली. एवढ्या थोड्या काळात बिहारी बापांचे मतपरिवर्तन झाले, असे कोणी म्हणणार आहे काय?

‘पैशाचा मोह’ हा आक्षेप येतो. तो टिकत नाही. मोहच असता, तर हायस्कूलच्या दारातल्या गावांतही संख्या तितकीच वाढायला हवी होती. वाढ मुख्यतः दिसली ती हायस्कूलपासून 3 किलोमीटर वा अधिक दूरच्या गावांत. शिवाय सायकली सगळ्याच मुलींना मिळाल्या. गणवेशातल्या आठ-दहा जणी, कॅरिअरला दप्तर अडकवून, एकत्र निघाल्या की एकटीची भीती उरत नाही आणि ‘लोक काय म्हणतील’ हेही आपोआप मागे पडते. मन बदलले असेल, तर ते चाकामागून.

सायकल गणित शिकवत नाही, हे कबूल. वर्गात शिक्षक नसेल तर पोचून उपयोग काय? पण न पोचलेल्या मुलीपुढे तो प्रश्नच येत नाही.

आपल्याकडे अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे. योजना उत्तमच, पण शाळा सुटायच्या आधीच गाडी निघून जात असेल, तर पास दप्तरातच राहतो. मुलींच्या शिक्षणाची खरी सभा खरे तर आगारात, वेळापत्रकापुढे भरली पाहिजे. 2023 मध्ये शिक्षण खात्याने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. वाहतुकीची सोय करू, असेही सांगण्यात आले. ती सोय आधी वर्षभर, पावसाळ्यासकट, चालवून दाखवावी. शाळेला कुलूप लावण्याची भाषा त्यानंतर.