गाडीवरचं चायनीज आणि घरातलं चायनीज

चायनीज म्हटलं की मला गाडीवरचा लालभडक राइस आठवायचा. डॉक्टरांनी बाबांचं तळलेलं बंद केलं, तेव्हा चिनी घरांत रोज काय शिजतं ते मी शोधलं.

सहाव्या शतकात जिया सिश्ये या अधिकाऱ्याने ‘छीमिन याओशू’ हा शेतीग्रंथ लिहिला. त्यात एक कृती आहे: अंडी तांब्याच्या भांड्यात फोडून ढवळा, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, मीठ, आंबवलेलं सोयाबीन घाला, तिळाच्या तेलात परता. म्हणजे भुर्जीच की!

१९४५ साली डॉ. बुवेई यांग चाओ यांचं चिनी स्वयंपाकाचं पुस्तक अमेरिकेत आलं. ‘स्टर-फ्राय’ हा इंग्रजी शब्द तिथून रुळला. आपल्याकडे ‘परतणे’ होतंच.

यात फायदा काय? भाजी बारीक चिरलेली, आच मोठी, वेळ थोडा. भाजी उकळून पाणी फेकलं की क जीवनसत्त्वही जातं. परतताना बरंचसं टिकतं. चमचाभर तेलामुळे गाजरातलं कॅरोटिन अंगी लागतं. सोया सॉसमधलं मीठ मात्र सांभाळा.

परवा मी कोबी-अंडं परतलं. बाबा म्हणाले, “हे चायनीज? ही तर भाजी!” आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली.