नाताळचा मोजा : टाके आणि धागे यांची निवड

नाताळच्या आदल्या रात्री शेकोटीजवळ मोजे टांगण्याची प्रथा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. सांताक्लॉज येऊन त्यांत भेटवस्तू ठेवून जातो, ही मुलांची श्रद्धा. पायात घालायच्या साध्या मोज्याची जागा पुढे खास शिवलेल्या शोभिवंत मोज्याने घेतली. त्यातील सर्वांत कष्टसाध्य प्रकार म्हणजे ‘नीडलपॉइंट’ या भरतकामाचा मोजा. अनेक कुटुंबांत मूल जन्मल्यावर आई किंवा आजी तो भरायला घेते. त्यावर मुलाचे नाव असते आणि दर नाताळात तोच मोजा पुन्हा बाहेर निघतो. काम पुरे होण्यास कित्येक महिने लागतात. त्यामुळे टाके आणि धागे यांची निवड केवळ हौसेची बाब राहत नाही. ती चुकली तर चित्र झाकोळते, किंवा मोजा काही वर्षांतच विरू लागतो.

जाळीचे गणित

मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने केलेले भरतकाम महाराष्ट्रातील घरांना परिचित आहे. तेथे चित्राभोवतीचे कापड मोकळे सोडले तरी चालते. नीडलपॉइंटमध्ये मात्र ताठ, जाळीदार सुती कॅनव्हास पार्श्वभूमीसह धाग्याने भरून काढला जातो. मोज्यासाठी बहुधा एका इंचात १३ किंवा १८ छिद्रे असलेला कॅनव्हास वापरतात. पहिल्यात एका चौरस इंचात १६९, तर दुसऱ्यात ३२४ मूळ टाके बसतात. १८ च्या जाळीवर चेहरा, बोटे असे बारकावे नीट उमटतात, पण श्रम जवळजवळ दुप्पट होतात.

मूळ टाका म्हणजे ‘टेंट स्टिच’. फुलीतील दोन तिरप्या रेघांपैकी एकच घातल्यासारखा तो दिसतो. तो ‘बास्केटवीव्ह’ पद्धतीने, म्हणजे तिरप्या ओळींत, घातल्यास मागील बाजूस टोपलीसारखी वीण तयार होते. ती मजबूत असते आणि तिच्यामुळे कॅनव्हास वाकडा होत नाही.

सजावटीचा टाका कोठे?

पहिला नियम असा, की चेहरा, हात आणि नाव यांना सजावटीचा टाका लावू नये. रंगांच्या सूक्ष्म छटा मोठ्या टाक्याखाली नाहीशा होतात आणि अक्षरांच्या कडा मोडतात. तेथे टेंट स्टिचच योग्य.

दुसरा नियम आकाराचा. एखादी नक्षी दोन-तीन वेळा पूर्ण उमटेल एवढी जागा असेल, तरच ती निवडावी. अन्यथा ती अर्धवट तुटलेली दिसते. लहान जागेसाठी दोन छिद्रे रुंद व दोन उंच असा ‘मोझेइक’ टाका, तर मोठ्या जागेसाठी तीन बाय तीनचा ‘स्कॉच’ टाका सोयीचा.

तिसरा नियम वस्तूच्या स्वभावाचा. विटांच्या भिंतीला आयताकृती ‘कॅशमिअर’ टाका शोभतो, बर्फाच्छादित जमिनीला आडवे टाके आणि उंच वृक्षाला उभे. सांताच्या दाढीसाठी ‘टर्की वर्क’ हा गालिच्यासारखे फासे सोडून ते कातरण्याचा प्रकार वापरतात, किंवा गाठीचे टाके दाटीने घालतात. जवळच्या वस्तू उठावदार ठेवून दूरचे आकाश सपाट ठेवले, की चित्राला खोली येते. सर्वच भागांत नक्षी असेल, तर डोळा कोठेच स्थिरावत नाही.

धाग्याची निवड

धागा जाळीच्या मानाने हवा. बारीक धाग्यातून कॅनव्हास डोकावतो. जाड धागा छिद्रांत दाटून कॅनव्हास फुगवतो. पर्ल कॉटनमध्ये क्रमांक जितका मोठा तितका धागा बारीक. १३ च्या जाळीला ३ क्रमांकाचा, तर १८ च्या जाळीला ५ क्रमांकाचा धागा सर्वसाधारणपणे चालतो. लोकर प्रकाश शोषते, म्हणून ती पार्श्वभूमीला व कोटाला साजते. रेशीम चमकते, पण खरखरीत बोटांना अडकते. जरीचा धागा तारा, घंटा, झालर एवढ्यापुरताच ठेवावा. त्याचे तुकडे आखूड घ्यावेत, कारण जाळीवर घासून तो लवकर पिंजतो. एकाच रंगाच्या मंद आणि चमकदार धाग्यांचा शेजार बहुतेक वेळा नव्या रंगापेक्षा अधिक परिणाम साधतो.

टिकाऊपणाचा विचार

मोजा ही भिंतीवरील तसबीर नव्हे. तो भरला जातो, ओढला जातो, मुलांच्या हाती पडतो. म्हणून लांब, मोकळे टाके टाळावेत. अंगठी वा खेळण्याच्या कोपऱ्यात तेच प्रथम अडकतात. लाल आणि गडद हिरव्या धाग्यांचा रंग जातो का, हे आधीच तपासावे. ओला धागा पांढऱ्या कापडावर दाबल्यास ते कळते. पूर्ण झालेला कॅनव्हास ओलसर करून चौकोनात ताणण्याच्या वेळी लाल रंग पांढऱ्या दाढीत उतरला, तर महिन्यांची मेहनत वाया जाते. पार्श्वभूमीचा सर्व धागा एकाच रंगघाणीतील घ्यावा. नंतर आणलेल्या लडीची छटा वेगळी निघू शकते.

प्रथम बारकावे, नंतर पार्श्वभूमी आणि सर्वांत शेवटी मणी, गाठी व फासे हा क्रम सोयीचा, कारण उंच टाक्यांत पुढचा धागा गुंततो. प्रत्येक टाका आधी कॅनव्हासच्या मोकळ्या कडेवर घालून पाहावा. वापरलेल्या धाग्यांचे क्रमांक आणि टाक्यांची नावे वहीत नोंदवून, प्रत्येक धाग्याचा तुकडाही सोबत ठेवावा. काही वर्षांनी धाकट्या भावंडाचा मोजा करण्याची वेळ येते. दोन्ही मोजे शेजारी टांगल्यावर एकाच घरचे वाटावेत, यासाठी ही नोंद उपयोगी पडते.