लँग्ले यांचें लहान विमान

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे चिटणीस सॅम्युएल लँग्ले यांनीं आपल्या विमानाच्या प्रतिकृति उडविण्यासाठीं मैदान न शोधतां पोटोमॅक नदी शोधली. क्वान्टिको गांवाजवळ एक घरनौका नांगरून तिच्या छपरावर त्यांनीं विमान फेंकण्याचें यंत्र बसविलें. नौकेवरून वाऱ्याच्या रोखानें विमान सोडतां येई, आणि पडलेलें विमान पाण्यांतून काढून दुरुस्त करतां येई. लँग्ले विमानालाच ‘एरोड्रोम’ म्हणत. पुढें तो शब्द मैदानाला चिकटला, हें ऐकून श्रोत्यांस गंमत वाटेल. १८९६ सालीं वाफेवर चालणारी त्यांची प्रतिकृति येथूनच तीन हजार फुटांहून अधिक उडाली.

मग माणसाला नेणाऱ्या विमानाची पाव मापाची, पेट्रोलवर चालणारी प्रतिकृति झाली. १८ जून १९०१ रोजीं ती उडाली, पण इंजिन तापून शक्ति कमी पडे. ८ ऑगस्ट १९०३ रोजीं एका कामगारानें अति उत्साहानें टांकी कांठोकांठ भरली; पेट्रोल इंजिनांत शिरून त्याचा वेग मंदावला. तरीहि विमान उडालें. या यशानेंच घात केला. माप चौपट केलें कीं पंखांचें क्षेत्रफळ सोळापट होतें, वजन मात्र चौसष्टपटीकडे धांवतें; तें आवरावयाचें तर सांगाडा नाजूक राहतो. मोठें विमान ७ ऑक्टोबर व ८ डिसेंबर १९०३ रोजीं नदींत कोसळलें. लँग्ले यांनीं दोष फेंकणाऱ्या यंत्राला दिला. दुसऱ्या वेळीं चालक चार्ल्स मॅन्ली थंडगार पाण्यांतून कसाबसा वांचला.

नऊच दिवसांनीं, खास वाऱ्यासाठीं व मऊ वाळूसाठीं निवडलेल्या किटी हॉकजवळच्या किनाऱ्यावरून राइट बंधु उडाले.