करपलेल्या पानाची पाहणी

भाताच्या हिरव्या पात्यावर तपकिरी छटा चढू लागली, म्हणजे रत्नागिरीकडचा शेतकरी तिला सरसकट 'करपा' म्हणून मोकळा होतो. परंतु अशा पिकाची रीतसर पाहणी या जिल्ह्यात कृषिखात्याच्या पुष्कळ आधी खोत करीत असे. अर्धेली वा तिर्धेली कुळाने उत्पन्नाचा ठरीव हिस्सा द्यावयाचा, आणि तो ठरविण्यासाठी उभ्या पिकाची 'अभावणी' करावयाची, ही जेथे वहिवाट होती, तेथे करपलेले पान हा शेतीइतकाच वसुलीचाही प्रश्न होई. कुळाला जो रोग मोठा दिसे तो खोताला क्षुल्लक भासे, यात नवल ते काय! १८८० च्या कायद्याने या संबंधांना चौकट दिली, १९४९ च्या कायद्याने खोतीच संपली. अभावणी गेली; पान करपावयाचे थांबले नाही.

उपाय म्हणून ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले जाई, राखणदाराला नारळ दिला जाई. त्याला हसण्यापूर्वी हेही ध्यानात घ्यावे, की तोच शेतकरी उन्हाळ्यात कवळ, शेण आणि पालापाचोळा पसरून रोपवाटिकेच्या जागी राब भाजीत असे, आणि त्या राखेतून जांभ्या मातीला पालाश मिळत असे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जिथली माती धुऊन नेतो, तिथे हे लहानसहान देणे नव्हे. कारण पात्यावर तिळाएवढे लंबगोल तपकिरी ठिपके उठतात ते बहुधा अशा निकस जमिनीतच. बंगालमध्ये १९४२ साली याच रोगाने भात बुडविले, आणि पुढील वर्षीच्या दुष्काळाच्या कारणांत त्याची गणना होते. सरकारी धोरणाचा दोष त्याने हलका होतो, असे मात्र मला वाटत नाही.

खरा करपा निराळा. त्याचा ठिपका दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखी व कडेला तपकिरी असतो, आणि पीक हिरवेगार दिसावे म्हणून ज्याने सढळ हाताने युरिया टाकला त्याच्या शेतात तो आधी येतो. कडा करपा हा जिवाणूंचा रोग. तो टोकाकडून पात्याच्या कडेकडेने नागमोडी रेषेत खाली उतरतो. खाडीकाठच्या खाजणात बांध फुटून खारे पाणी शिरले, की पात्याचे शेंडे जळतात. तेथे औषधाचा काही उपयोग नाही, बांधच घालावा लागतो, आणि ते एकट्यादुकट्याचे काम नसल्यामुळेच मुंबई सरकारला १९४८ मध्ये खार जमिनींसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

गंमत अशी, की खाजणात भाताचा घात करणारे मीठच बियाण्याच्या उपयोगी पडते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतावे. पोकळ व रोगट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकावेत, आणि तळाशी बसलेले जड बी स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुऊन सावलीत सुकवावे.