तळटीप १७ : ‘अभेद्य’ चिलखत

१७. लेखकाने दोन्ही यंत्रमानवांच्या चिलखताला ‘अभेद्य’ म्हटले आहे. गो नागाई यांच्या ‘माझिंगर झेड’ला (१९७२) ते बरेचसे शोभते. त्याचा चोगोकिन झेड हा मिश्रधातू फुजी पर्वताच्या परिसरातल्या ‘जपानियम’ या काल्पनिक मूलद्रव्यापासून बनतो. मालिकेच्या अखेरच्या भागात मात्र तोही फुटतो. ‘मोबाइल सूट गंडम’चे (१९७९) गणित वेगळे आहे. त्याचे लुना टायटॅनियम शत्रूच्या झाकू यंत्राच्या १२० मिमी मशीनगनचा मारा सहज झेलते, पण बीम रायफलपुढे त्याचाही निभाव लागत नाही. गंडमचा खरा वरचष्मा म्हणजे हीच रायफल : युद्धनौकेच्या तोफेची ताकद १८ मीटर उंचीच्या यंत्राच्या हातात. पुढे शत्रूच्या गेल्गूगकडेही तसलेच शस्त्र येते आणि चिलखतापेक्षा चालकाची चपळाई मोलाची ठरते. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांच्या युद्धकथेची धार मला इथेच सर्वाधिक जाणवते. ‘इव्हँजेलियन’ (१९९५) या तुलनेत बसवू नये. तिथले कवच मुळात आतल्या सजीवाला जखडण्यासाठी आहे, रक्षणाचे मुख्य काम एटी फील्ड करते. – संपा.